लाल खुणेखाली

(आखाती देशातल्या बौशरमधल्या एका हॉटेलचं लॉन, मार्च महिना. मजीद इथला मुख्य माळी, व्हॅलेंटाईन ऑफिसातला सुपरवायझर.)

मजीद : ...तर काल माझ्या नूरैनने बदलीचं ते इंग्रजी पत्र मराठीत वाचून दाखवलं. पोरीचं मराठी तुला ठाऊक आहे. अडखळत म्हणाली, अब्बा, इथे लिहिलंय, तुम्ही कोणाला न विचारता गवत कापलं.

व्हॅलेंटाईन : मजीदभाई, ऑफिसची लँग्वेज असते ती. तसंच लिहितात.

मजीद : खाली सही तुझी आहे.

व्हॅलेंटाईन : बसा ना जरा.

मजीद : कशावर बसू? गवत ठेवलंय का?

व्हॅलेंटाईन : मॅनेजर डोक्यावर उभा होता. शुक्रवारी लॉनवर लग्न, आणि जिकडे बघावं तिकडे गवताला तुरे. फोटोत कसं दिसलं असतं?

मजीद : तुरे दर मार्चला येतात. उन्हाळी गवतावर थंडीपुरतं पेरलेलं गवत ते, ऊन तापायच्या आधी बी धरायला बघतं. पहिल्याच वर्षी तुला गुडघ्यावर बसवून दाखवलं होतं. मशीनच्या पात्याला धार ठेव, दिवसाआड काप, उंची तीच ठेव. तीनेक आठवड्यांत दांडे कमी होतात. खाली कापलं की हिरवं जातं आणि नुसत्या काड्या उरतात. त्या दिवशीही बोललो की नाही?

व्हॅलेंटाईन : बोललात.

मजीद : तू काय म्हणालास?

व्हॅलेंटाईन : म्हणालो, कापा, जबाबदारी माझी.

मजीद : मग अर्बाब, आपला मालक, आला. पिवळं लॉन बघून विचारलं, कोणाचं काम? मी तोंड उघडणार, तर तू हळूच म्हणालास, तुम्ही गप्प राहा, मी सांभाळतो. मी राहिलो गप्प. अकरा वर्षं एकत्र डबा खाल्ला आपण. रमजानात तू माझ्यासमोर पाणीसुद्धा प्यायला नाहीस. वाटलं, आपला माणूस आहे.

व्हॅलेंटाईन : निझवाला पाठवतील असं खरंच वाटलं नव्हतं. एक वॉर्निंग देतील आणि खलास. माझा व्हिसा जूनमध्ये संपतोय, मजीदभाई. मी घाबरलो.

मजीद : पोरीची शाळा इथे वादी कबीरला, मी तिकडे दूर निझवात. एका घराची दोन झाली. घाबरला होतास तर मला सांगायचंस. मी स्वतः अर्बाबला म्हणालो असतो, मी कापलं. तू मागितलं असतंस तर दिलं असतं, व्हॅली. तू पाठीमागून घेतलंस. ते लागलं मला.

व्हॅलेंटाईन : उद्या जाऊन खरं सांगतो. इन्शाल्ला.

मजीद : तुझं इन्शाल्ला टाळण्यासाठी असतं, ते मला माहीत आहे.

व्हॅलेंटाईन : ...लॉन परत येईल ना?

मजीद : येईल. पाणी पहाटे दे, उन्हात नको. खालचं उन्हाळी गवत आता जागं होईल. मशीनच्या उंचीच्या लेव्हरवर मी लाल रंगाची खूण केलीये. तिच्या खाली जाऊ नकोस.

व्हॅलेंटाईन : नाही जाणार.

मजीद : आणि गेलासच, तर नाव तुझं सांग.