एकदा वाजला की बरं

— नाही वहिनी, मिसकॉलची खूण तेवढी ठेवू नका. माझं ऐका. लेकीला सासरी जाताना फोन देताय ना, मग तिला बोलायला सांगा, रोज. पैसे? अहो, एकदा रिचार्ज मारला की महिनाभर बोला, मीच मारून देते. मिसकॉल काय, कुणीही देतं — बोलायला मात्र तिचाच आवाज लागतो.

तुम्हाला वाटेल, ही बाई गिऱ्हाइकालाच अक्कल शिकवते. वाटू दे. परवा एक जण आला, मी इथे समोर बसलेय आणि मलाच विचारतो, दुकानात कुणी आहे का? म्हटलं, नाही हो, मी शोभेला ठेवलेय! — तर काय सांगत होते... हां, खूण. आमच्या धाकट्या बहिणीची आणि माझी होती ना. तिच्या सासरी सुनेनं फोनला हात लावायचा नाही. पण नातीला आजी द्यायची, कार्टून बघायला. म्हणून धाकटीनं पोरीलाच शिकवलं — संध्याकाळी मावशीला लावायचं, एकदा वाजवून कापायचं. आम्हा दोघींत ठरलेलं — एकदा म्हणजे बरं चाललंय, दोनदा म्हणजे न्यायला ये. मी उचलायचं नाही, उचलला की पकडले जाणार. काय डोकं होतं बघा तिचं! रोज वाजायचा, एकदाच. मी आपली निर्धास्त.

आणि ती गेली. गेली म्हणजे — गेलीच हो. आम्हाला कळवलंसुद्धा नाही त्यांनी, सगळं उरकल्यावर उडत उडत कानावर आलं. सांगणाऱ्या बाईशी भांडले मी, म्हटलं खोटं बोलतेस, कालच तर मिसकॉल आला! पोर देत होती. आई नाही, तरी शिकवल्याप्रमाणे एकदा — बरं चाललंय. मागितली ना पोर, पदर पसरला, दारातूनच हाकललं. फोन केला तर बाप उचलतो, शिव्या घालतो. पण तिचा मिसकॉल अजून येतो, रोज. दोनदाचं आईनं तिला सांगितलं होतं की नाही — कुणाला विचारू आता?

बघा, आलाच. नाही, नाही, उचलायचा नाही... कापला. बरं चाललंय. तर हा निळा घ्या, बटणं मोठी आहेत, बॅटरीही चांगली —

थांबा.

परत वाजतोय.

वहिनी, उठा. तो फोन राहू दे तिथेच, उद्या या, परवा या — उठा हो, मला शटर ओढायचंय.