नळावरचा फोटो

हॅलो?... हां, द्रौपदीच बोलतेय. बोलावून घेतलं मला जयदेवनं दुकानात, तुझा फोन आलाय म्हणून... मावशी-बिवशी राहू दे, श्यामकांत! पोस्टर पाहिलं तुझं...

कुठं म्हणजे? स्टेशनच्या जिन्याला, दूध केंद्राला, आमच्या बुवापाड्याच्या नाक्यावर तर तीन-तीन!... थांब. मी बोलतेय ना?

फोटोंचं प्रदर्शन भरवायचंय, हॉल द्या म्हणालास. दिला. भाडं नको, फक्त आमच्या महिला मंडळाचं नाव पोस्टरवर ठळक टाक. ठरलं होतं की नाही?... मग कुठाय नाव? वर तुला पैसे देणारा तो कॅम्प चारचा मिक्सरवाला शेठ, खाली त्याच्या दुकानाचा पत्ता, आणि मधे मी! नळावर उकिडवी, पदर खोचलेला, हातात काळंकुट्ट पातेलं...

काय? नॅचरल?... अरे, पांढरी साडी नेसून तासभर खुर्चीत बसले होते तुझ्यासमोर. तो फोटो कुठं गेला?... शेठला नाही आवडला? मग शेठच्या आईला बसव नळावर! बघू, आवडतो का!

आणि फोटोखाली काय लिहिलंय?... सांग ना. दोनच वर्षं शाळेत गेलेय, पण अक्षर जुळवता येतं मला. ग... रि... बी... 'गरिबीचा चेहरा'! भर नाक्यावर वाचलं. शेजारी सून उभी होती माझी!

त्या हॉलच्या विटा आम्ही बायकांनी डोक्यावर वाहिल्यात. पोरगा माझा फॅक्टरीत फोरमन आहे. गरिबीचा चेहरा म्हणे!... सॉरी ठेव तुझ्याकडे.

काय?... पोस्टरं पार तिकडं कात्रपपर्यंत लागली? उद्या उद्घाटन?... मग आज अख्खा दिवस आहे की. काळा रंग घे, ब्रश घे, एकेका पोस्टरवरची ती ओळ खोड. तिथं माझं नाव लिही, मंडळाचं नाव लिही... शेठ रागावेल? रागावू दे! हॉल काय शेठचा आहे?

हो, कुलूप मीच लावलंय. आधी नाव, मग चावी.

बरं... बरं... काय विचारलंस?... परत बोल.

आडनाव?

तीन महिने माझ्या घरी चहा पितोयस, श्यामकांत... आणि आडनाव विचारतोस?

...कागद घे. घेतलास? लिही. द्रौपदी. किसन. साळवे... आता वाचून दाखव... मोठ्यानं.

हां. ठेव.