काडेपेटीतले अकरा तुकडे

(देगलूर. सरकारी दवाखान्यातली मंगळवारची व्यसनमुक्तीची ओपीडी. सकाळचे साडेदहा.)

तारामती : मोजा म्याडम. मी घरी तीनदा मोजले. अकरा हायत.

डॉ. लुंबिनी : तारामतीकाकू, आधी बसा तरी. काय मोजू?

तारामती : ही काडेपेटी. आज तुमच्याकडं यायचं म्हणून काल ह्यांचा सदरा धुवायला काढला. मागच्या खेपेला तुमी चौदा दिवसांच्या गोळ्या दिल्या, मी अडकित्त्यानं एकेका गोळीचे चार तुकडे केले आन् ह्यात भरून दिले. दुपारच्या भाकरीसंगं रोज एक. काल पेटी रिकामी पायजे व्हती. उघडली तर अकरा. खाल्ले तीन आन् ठिवले अकरा.

डॉ. लुंबिनी : शेषेरावकाका, खरं आहे का हे?

शेषेराव : हाव.

डॉ. लुंबिनी : अकरा दिवस गोळी घेतली नाही?

शेषेराव : ती म्हणायली तर अकराच असतील.

तारामती : ऐका. मी रोज सांजच्याला इचारायची, गोळी खाल्ली का. रोज हाव. आत्ता म्हणले तसंच, हाव. म्याडम, मी शाळा शिकलेली न्हाई, पण एवढं मला कळतं. गोळी पोटात न्हाई आन् तरी माणूस मुडद्यावानी झोपायलं. कशावर झोपायलं? परत शिंदी चालू झाली. दुसरं काय?

शेषेराव : न्हाई प्यालो.

तारामती : मंग काडेपेटी काऊन लपवली?

शेषेराव : लपवली न्हाई. खिशात व्हती.

तारामती : बगा, असं बोलतेत.

डॉ. लुंबिनी : काकू, दोन मिनिटं मला बघू द्या. काका, दोन्ही हात पुढे करा. बोटं पसरा, डोळे मिटा. बोटांवर हा कोरा कागद ठेवते. हं. असेच राहा.

तारामती : पहिल्यांदा आणलं तवा कागद उडून तुमच्या टेबलाखाली गेला व्हता.

डॉ. लुंबिनी : मला आठवतंय. आता बघा. हलत नाही.

तारामती : जोर लावून धरला आसंल.

डॉ. लुंबिनी : थरथर जोर लावून थांबवता आली असती, तर माझी नोकरीच राहिली नसती. जीभ दाखवा, काका. आता या फरशीच्या रेघेवरून दारापर्यंत चालत जा, आणि परत या. बरं. झटका? डोळ्यांपुढं काही येतं? भिंतीवर मुंग्या?

शेषेराव : न्हाई. मुंग्या गेल्या त्या गेल्याच.

तारामती : मुंग्याचं नाव काढू नका. माझ्या अंगावर काटा येतो. दोन वर्सं झाली, पण काल घडल्यावानी दिसतंय. गावानं ग्रामसभा घेतली, सगळ्या गड्यांनी देवळात बेलभंडार उचलला, आजपासून शिंदी बंद. आमी बायांनी वेशीपल्याडच्या मल्लिनाथच्या दुकानाला कुलूप ठोकलं. मी पुढं व्हते. हलगी लावून गेलो व्हतो. आन् तिसऱ्या दिवशी ह्ये भिंतीवरच्या मुंग्या येचायले. मुंगी एक न्हाई. मंग झटका आला, तोंडाला फेस. गावात सात जणाला तसंच झालं. लोक म्हणले, बेलभंडार मोडला, देव कोपला. ह्यांना कडुलिंबाला बांधलं. मी बी बांधू दिलं.

डॉ. लुंबिनी : आणि शपथ मोडली कोणी होती?

तारामती : तुमी तवा बी हेच इचारलं व्हतं. ज्यांनी चोरून ढोसली ते ठणठणीत. शपथ पाळली त्यांनाच झटके.

डॉ. लुंबिनी : हो. देवाचा न्याय इतका उलटा नसतो, एवढंच मी त्या झाडाखाली सांगत होते. मला गावातून हाकलायला निघाले होते लोक.

तारामती : मी बी व्हते त्यांच्यात. म्हणलं, ही बाई नशा सोडवायला नशेचीच गोळी द्यायली.

डॉ. लुंबिनी : अजून म्हणतात लोक. काका, तुम्हीच सांगितलं होतंत मला, गावच्या शिवारात शिंदीची झाडं किती?

शेषेराव : चौदा. त्यातली दोन वाळलेली.

डॉ. लुंबिनी : आणि मल्लिनाथच्या दुकानात रोज बाटल्या?

शेषेराव : तीनशे जायच्या. पोळ्याला पाचशे.

डॉ. लुंबिनी : बारा झाडांतून तीनशे बाटल्या निघत नसतात. पाणी, साखर आणि झोपेच्या औषधाची पावडर. सवय झाडाची नव्हतीच, पावडरीची होती. दहा वर्षं रोज पोटात गेलेली पावडर एका रात्रीत तोडली की मेंदू खवळतो. जिना उतरायचा तो पायरी पायरीनं. उडी मारली की पाय मोडतो. म्हणून आधी दोन गोळ्या, मग दीड, मग एक, मग अर्धी, मग पाव. म्हणून तुमचा अडकित्ता.

तारामती : आन् एक दिवस चुकवायचा न्हाई, हे बी तुमीच म्हणला. मी गावातल्या पंचवीस घरी जाऊन सांगायची, चुकवू नका गं, चुकवू नका. आन् माझ्याच घरात चोर.

डॉ. लुंबिनी : काकू, आता मी विचारते ते खरं सांगा. गेल्या दहा-अकरा दिवसांत हे भाकरी किती खातात?

तारामती : भाकरीचं काय मधीच?

डॉ. लुंबिनी : सांगा तर.

तारामती : पाच. परवा सहा खाल्ल्या. पिठाचा डबा खाली गेला माझा.

डॉ. लुंबिनी : आणि शिंदी पीत होते तेव्हा?

तारामती : अर्धी. ती बी कुत्र्याला जायची.

डॉ. लुंबिनी : मग?

तारामती : पण डोळे लाल असतेत, म्याडम. रोज सांजच्याला येतेत ते डोळे लाल, घसा बसलेला, पाय ओढत. हातपाय धुतेत, जेवतेत आन् तिथंच आडवे. शिंदी न्हाई तर मंग काय?

डॉ. लुंबिनी : ती काडेपेटी द्या इकडे. काका, या तुकड्यांमध्ये हे भुसकट कशाचं आहे?

शेषेराव : कशाचं का असंना.

डॉ. लुंबिनी : माझे वडील लोहा तालुक्यातले. लहानपणी सुट्टीत मीही रानात राबले आहे. हे सोयाबीनचं आहे. तळहात दाखवा. हे ओरखडे शेंगांचे. काका, मळणीला जाताय?

तारामती : मळणीला? आपलं तर दोन एकर, ते बी अजून उभं हाय.

डॉ. लुंबिनी : काका.

शेषेराव : सावडीला जायलोय.

तारामती : कुणाच्या?

शेषेराव : सगळ्यांच्या. पयल्यांदा सत्यमच्या, मंग बजरंगच्या, मंग पाटलाच्या वावरात. आभाळ भरून यायलं व्हतं, एकमेकाला हात दिल्याबिगर कुणाचं उरकलं नसतं.

तारामती : आन् मला म्हणायचे वावरातल्या आखाड्यावर म्हशीला कडबा टाकायला जातो. अकरा दिवस कडबाच टाकायलाव का? म्हणून सत्यमची माय काल माझ्याकडं बघून हसायली. सगळ्या गावाला ठाऊक, मलाच न्हाई.

शेषेराव : तुला सांगितलं असतं तर जाऊ दिलं असतंस?

तारामती : न्हाई.

शेषेराव : मंग.

डॉ. लुंबिनी : मळणीत काय काम करत होतात? पोती धरायचं?

शेषेराव : न्हाई.

डॉ. लुंबिनी : काका, मला खरं पाहिजे.

शेषेराव : मशीनच्या तोंडाला व्हतो. सोयाबीन लोटायला.

तारामती : आगं माय.

डॉ. लुंबिनी : गोळी चालू असताना मशीनजवळ जायचं नाही, गाडी चालवायची नाही. हे मी तुमच्या कागदावर लाल पेनानं लिहिलंय.

शेषेराव : तेच तर. तुमचा शबूद मोडला न्हाई मी.

डॉ. लुंबिनी : म्हणजे?

शेषेराव : दोन वर्सं झाली म्याडम, गावात मला मशीनच्या आसपास कुणी येऊ देत न्हाई. पाणी आण, चहा आण, सावलीला बस. पोतं शिवायला सुई मागितली तर सुई बी देईनात. त्यांचं बी खरं व्हतं, हात कुठं ठरायचे. मी आमच्या पंचक्रोशीतला लोटणारा. पाच गावांचं सोयाबीन माझ्या हातानं मशीनीत गेलं. आन् आता हातात चहाची केटली. त्या दिवशी सत्यमच्या वावरात लोटणारा गडी आलाच न्हाई. मशीन चालू, आभाळ काळं. सत्यम माझ्या हाताकडं बघितला. बराच येळ बघितला. मंग म्हणला, शेषेरावमामा, उभं राहता का?

तारामती : आन् तुमी राहिलाव.

शेषेराव : आधी इचार केला. म्याडम म्हणल्या, गोळी खाऊन मशीनजवळ जायचं न्हाई. मंग म्हणलं, गोळी नगं खायला. दुपारचा तुकडा ठिवून दिला. सांजच्याला घरी खाईन म्हणलं.

डॉ. लुंबिनी : अरे देवा. काका, मी सांगितलं त्याचा अर्थ गोळी चालू ठेवा आणि मशीन सोडा असा होता. तुम्ही गोळी सोडून मशीन धरलंत. अर्ध्या गोळीवर असताना हा शहाणपणा केला असतात, तर झटका आला असता आणि हात गेला असता आत. कळतंय का तुम्हाला? मला आता इथं बसून घाम फुटला आहे.

शेषेराव : चुकलं माझं.

डॉ. लुंबिनी : चुकलंच. शेवटचा पाव होता म्हणून निभावलं. हे गावात मोठेपणानं सांगत बसू नका. उद्या दुसरा कोणी करून बसेल.

शेषेराव : न्हाई सांगणार.

डॉ. लुंबिनी : बरं. मग त्या संध्याकाळी घरी जाऊन का नाही घेतली?

शेषेराव : धुरळ्यानं जीव बेजार झाला व्हता. जेवलो, झोपलो.

डॉ. लुंबिनी : दुसऱ्या दिवशी?

शेषेराव : बजरंगच्या वावरात. त्याची मशीन सारखी अडकायली.

डॉ. लुंबिनी : तिसऱ्या? चौथ्या? काडेपेटी खिशातच होती ना? खिशात दुसरं काही नाही, बिडी नाही, काडी नाही, हात लागला असेल कधीतरी.

शेषेराव : लागला आसंल.

तारामती : आन् मी इचारायची तवा हाव कसं म्हणायचे?

शेषेराव : तू इचारायचीस तवा मी झोपेत असायचो. झोपेत माणूस हावच म्हणतंय.

डॉ. लुंबिनी : काका, सरळ सांगा. मुद्दाम टाळलीत, की भीती वाटली, की काय?

शेषेराव : काय सांगू. ध्यानातच न्हाई राहिलं. इसरलो.

डॉ. लुंबिनी : पुन्हा म्हणा.

शेषेराव : इसरलो म्हणलं. रागवा आता.

तारामती : म्याडम? काय झालं? डोळे काऊन पुसायलाव?

डॉ. लुंबिनी : काही नाही. काकू, अकरा वर्षं मी हे काम करते. आधी नांदेडला, मग इथं. माणसं येतात, सांगतात, म्याडम, सोडली. मुलाची शपथ घेतली. आज चाळिसावा दिवस, आज एक्केचाळिसावा. मी शाबासकी देते, पण मनात धाकधूक असते. जो दिवस मोजतो त्याच्या डोक्यात ती अजून बसलेली असते. मोजण्यातूनच पुढं जावं लागतं, दुसरा रस्ता नाही. पण विसरलो असं येऊन सांगणारा, आणि वर चूक झाली म्हणून मान खाली घालणारा माणूस मला क्वचित भेटला.

तारामती : म्हंजे हे सुटले?

डॉ. लुंबिनी : गोळी आज बंद. झोप लागेनाशी झाली, हात हलायला लागले, तर मंगळवारची वाट न बघता यायचं. आणि काका, लग्नात, पोळ्याला, कोणी कितीही गळ्यात पडलं तरी एक घोट नाही. तुमचा मेंदू विसरला आहे, पण एका घोटात त्याला सगळं आठवतं.

शेषेराव : प्यायला दुकान तरी कुठं राहिलं.

डॉ. लुंबिनी : मल्लिनाथचं काय झालं?

तारामती : तुमाला सांगायचं राहिलंच. दसऱ्याच्या दिवशी त्यानं पत्रे काढून नेले. कुणी कुलूप लावलं न्हाई, कुणी हलगी वाजवली न्हाई. गिऱ्हाईकच यायना. आमी बंद केलं तवा आठ दिवसात चालू झालं व्हतं. आता आपसूक बंद पडलं.

डॉ. लुंबिनी : पत्रे काढून नेले? आणि हे तुम्ही मला आता सांगताय? ते रजिस्टर घ्या बरं माझ्या मागचं, निळं. हे बघा, तुमच्या गावाचं पान. सव्वीस नावं. पंचवीस नावांवर रेघ आहे. सव्विसावं कोणाचं, काका?

शेषेराव : माझंच.

डॉ. लुंबिनी : हा पेन. तुम्हीच मारा रेघ. पट्टी नको, मोकळ्या हातानं.

तारामती : सांभाळून. दुसऱ्याचं नाव खोडचाल.

शेषेराव : हं. मारली.

तारामती : सरळ मारली की वो.

डॉ. लुंबिनी : माझ्यापेक्षा सरळ. वरच्या पंचवीस बघा कशा वाकड्या आहेत. काकू, आता तुम्ही का रडताय?

तारामती : आनंद व्हायला पायजे, आन् मला भीतीच वाटायली. दुधानं तोंड पोळलंय म्याडम, ताक बी फुंकून पिते मी. तुमाला म्हणून सांगते, ह्यांना बी ठाऊक न्हाई. दोन वर्सं झाली, रोज ह्यांचा सदरा खुंटीवरून काढते आन् वास घेते. शिंदीचा वास येतो का बघते. अकरा दिवस नुसता भुश्श्याचा वास यायला, तरी माझं मन म्हणायलं, त्याखाली शिंदी आसंल. ह्ये इसरले. मी कवा इसरायची?

शेषेराव : मला ठाऊक हाय.

तारामती : काय?

शेषेराव : वास घेतीस ते. म्हणून तर सदरा बाहेरच्या खुंटीला टांगतो, वासासाठी तुला चोरून आत यायला नगं.

डॉ. लुंबिनी : काकू, इकडं बघा. तुमचीही सवय दोन वर्षांची आहे. ती एकदम तोडायची नाही, नाहीतर तुम्हाला झोप लागणार नाही. महिनाभर एक दिवसाआड वास घ्या. मग आठवड्यातून दोनदा. मग बाजाराच्या दिवशी तेवढा.

तारामती : पायरी पायरीनं.

डॉ. लुंबिनी : पायरी पायरीनं. आणि एखाद दिवशी विसरलात, तर मला येऊन सांगा. मी रागावणार नाही.

तारामती : अडकित्त्याचं काय करू?

डॉ. लुंबिनी : सुपारी मात्र नको. ती सोडवायला पुन्हा माझ्याकडं यावं लागेल.

शेषेराव : चल, उठ. बाराची एसटी चुकंल. पाटलाची दोन एकर राहिलीय, लोक वाट बघायलेत.

तारामती : जावा तुमी आपले मशीनीवर. मी काय आडवत न्हाई आता. सदरा तेवढा आतल्या खुंटीला टांगत जावा.

शेषेराव : आज बी घेणार का वास?

तारामती : आजचा सकाळीच एसटीत घेतला, तुमी खिडकीकडं बघायलाव तवा. उद्या न्हाई.