गोकुळच्या वाटचं बोलणं

(चिखली. शाळा उघडायच्या आदल्या दिवसाची दुपार. उन्हामुळे दार-खिडक्या लावलेल्या. सहा वर्षांची जुळी भावंडं, छकुली आणि गोकुळ, गार फरशीवर पडलेली. त्यांची आई राखी शिलाई मशीनवर.)

छकुली : आला, आला! सायकलवाला आला! आई, पाह्य ना, उलटा चालून राह्यला. डोकं खाली अन् चाकं वर!

राखी : हळू व. एवढ्या दुपारचं कोणी ओरडते का? डोळे लावा दोघंबी.

छकुली : डोळे लावले तं सिनेमा कसा दिसन? दाराच्या भोकातून किती मस्त येऊन राह्यला आज. अख्खी गल्ली भिंतीवर आली. गोकुळ, आता गेला तो कोण होता रे?

गोकुळ : प्रेमानंदकाका.

छकुली : कशावरून? तोंड तं दिसलंच नाही.

गोकुळ : ते पायडल मारता मारता थांबते. अन् मंग काही याद आल्यावानी पुन्हा मारते.

छकुली : अन् हे लाल लाल कोण हाय?

गोकुळ : कोणी नाही. समोरच्या काकूनं साडी वाळू घातली. वारा आला की ती भिंतीवरून चालते, अन् वारा थांबला की उभी राह्यते.

राखी : पाहा बरं, घरात कसं बोलते माहं लेकरू. उंबऱ्याच्या भाईर पाय टाकला की तोंडाले कुलूप.

छकुली : त्याले काय गरज हाय बोलाची? मी हाय ना.

राखी : हो, तू तं हायच.

छकुली : आई, मामाच्या घरी भिंतीवर काऊन नाही येत असा सिनेमा?

राखी : अमडापूरच्या घराचं दार कधी लावते का कोणी? दिवसभर उघडंच. अंधार पाहिजे, तवा दिसते.

गोकुळ : तिथं वास होता. आतल्या खोलीत गवताखाली आंबे झोपले होते. मी कान लावला होता.

छकुली : आंब्याले कान लावते का कोणी?

गोकुळ : मंग? मामी म्हणे, पिकून राह्यले, हात लावू नको. मंग मी कान लावला.

राखी : काय आयकू आलं रे राजा?

गोकुळ : काहीच नाही. पण छान वाटलं. मी तिथंच झोपलो... आई, माणसं पुसट पुसट होऊन राह्यली.

राखी : आभाळ येऊन राह्यलं बाप्पा. ऊन कमी झालं की भिंतीवरचं बी जाते. सरला आता उन्हाळा.

छकुली : जाऊ दे. उद्या तं शाळाच हाय. आई, हा चौकड्या-चौकड्याचा स्कर्ट माहा ना? खाली दुमडून राह्यली का?

राखी : लांब हाय थोडा. पुढच्या वर्षी उसवून देईन.

छकुली : अन् हा टाय माहा. दोन्ही बूट माहे. गोकुळचा टाय कुठी हाय? ... आई? मशीन काऊन थांबवली?

राखी : इकडं या. दोघंबी या. बसा माह्याजवळ.

छकुली : त्याचा आणाचा राह्यला का?

राखी : गोकुळच्या ड्रेसले टाय नाही, माय. त्याची निळी चड्डी अन् पांढरा सदरा हाय. तो आपल्या गल्लीमागच्या शाळेत जाईन, नगरपालिकेच्या. अन् तू जाशीन गाडीत बसून. त्या मोठ्या शाळेत. इंग्रजीच्या.

छकुली : काऊन?

राखी : तिथं आपल्यासारख्यायच्या लेकरायले फुकट शिकाले भेटते. पण सगळ्यायले नाही. चिठ्ठ्या काढल्यावानी कम्प्युटरवर नावं निघते. तुम्हा दोघायचीबी टाकली होती. तुहं निघालं.

छकुली : अन् याचं?

राखी : नाही निघालं.

गोकुळ : माहं नाव हरपलं का?

राखी : नाही रे सोन्या. हरपलं नाही. निघालं नाही फक्त.

छकुली : मंग माह्या नावावर दोघं जाऊ. एका बाकावर बसू. आम्ही काय मोठे हाय का? मावतो.

राखी : बाबानं लय इचारून पाह्यलं. नाही म्हणते शाळावाले. दोघायलेबी इथंच घालाव, असंबी वाटलं एक डाव. पण भेटलेली जागा सोडाची म्हणजे... बाबा म्हणे, एक तरी शिकन तिथं. उन्हाळाभर आज सांगतो, उद्या सांगतो करत होती मी. तोंड उघडत नोतं माहं.

छकुली : तुले माहीत होतं? मामाच्या घरी आंबे खात होतो तवाबी?

राखी : हाव. तवाबी.

छकुली : अन् याच्या वाटचं कोण बोलन? अंगणवाडीत याची पाटी कोणी घेतली तं मीच सांगत होती. याले भूक लागली तं मीच. याचं नाव इचारलं तरी मीच!

राखी : आता तोच सांगन.

छकुली : हा? बाईपुढं?

गोकुळ : आई, सू लागली तं?

राखी : बाईले म्हणाचं, बाई, मी जाऊ का?

गोकुळ : अन् तोंडातून नाही निघालं तं?

राखी : निघन रे. काऊन नाही निघणार?

गोकुळ : नाही निघत. इथपर्यंत येते, अन् मंग वापस जाते.

छकुली : थांब, मी शिकवतो. मी बाई. तू गोकुळ. उभा राह्य. म्हण, बाई, मी जाऊ का?

गोकुळ : तुह्याकडं पाहून हासू येते. भिंतीकडं तोंड करू का?

छकुली : कर. म्हण.

गोकुळ : बाई, मी जाऊ का?

छकुली : एवढं तं माशीलेबी आयकू नाही येणार! मोठ्यानं!

गोकुळ : भिंतीवर आता कोणीच नाही, छकुली. गल्ली गेली.

* * *

छकुली : टाय गळ्याले लागून राह्यला.

राखी : हालू नको. अशी उभी राह्य, गाडी आताच येईन. अन् आयक, तिथं तुले कोणी छकुली म्हणणार नाही. अन्नपूर्णा म्हणतीन.

छकुली : ती कोण हाय?

राखी : तूच. बाबाच्या आजीचं नाव ठेवलं तुले. शाळेत तेच लावलं.

छकुली : मी तं छकुली हाय.

राखी : घरी छकुली. तिथं अन्नपूर्णा. नाव घेतलं की हात वर करजो.

गोकुळ : अन् मी तिथं कोण?

राखी : तू गोकुळच. तुहं एकच नाव हाय.

छकुली : गोकुळ, ध्यानात ठेव. दाराजवळ बसजो. म्हणजे इचारता नाही आलं तं पयत घरी येता येते.

राखी : काही पयाचं नाही! आली पाह्य गाडी. बस, माय. खिडकीतून हात काढू नको. डबा पूर्ण खाजो!

गोकुळ : आई, तिनं हात नाही हालवला.

राखी : हालवला असन. पोट्ट्यायच्या गर्दीत दिसला नसन. चाल, आपून पायीच जाऊ.

गोकुळ : ती कुठपर्यंत गेली असन आता?

राखी : बसस्टँडपाशी.

गोकुळ : अन् आता?

राखी : आता त्याच्याबी पुढं... हात काऊन ढिला सोडला रे? झोप येऊन राह्यली का?

गोकुळ : चालता चालता झोपल्यावानी वाटून राह्यलं. रस्ता खाली हाय अन् मी वरून चालून राह्यलो, असं.

राखी : रात्री झोपला नाही का?

गोकुळ : छकुली झोपेत बोलून राह्यली होती. माहं नाव घेत होती.

राखी : मंग तू काय केलं?

गोकुळ : मी हर खेपेले हाव म्हटलं.

राखी : ...ही पाह्य, आली तुही शाळा. किती पोरं आले. अंगणात कडुनिंब हाय पाह्य. बाईबी चांगल्या दिसते. मी व्हरांड्यात बसू का थोडा वेळ?

गोकुळ : बसशीन?

राखी : बसतो ना. घरी काय काम हाय मले?

गोकुळ : नको. तू बसली तं मी तुह्याकडंच पाहत राहीन.

राखी : मंग जाऊ?

गोकुळ : जाय. मांगं पाहू नको. तू पाह्यलं तं मी पयत येईन.

* * *

राखी : आला का राजा? ये, ये. लवकर सोडलं वाटते आज. दप्तर दे इकडं. घाम किती आला! बाईनं नाव इचारलं?

गोकुळ : हाव.

राखी : सांगितलं?

गोकुळ : नाही. बाईनं वाट पाह्यली. मंग दुसऱ्याले इचारलं.

राखी : बरं. राहू दे. रडला का?

गोकुळ : मी नाही. रुख्मिणी रडली.

राखी : कोण रुख्मिणी?

गोकुळ : माह्या बाजूले बसते. लय लहान हाय. तिच्या दोन्ही वेण्या सुटल्या होत्या. तिची आई गेली अन् ती रडली. मंग चूप झाली. मंग ती पाय असे असे हालवाले लागली, गुडघ्याले गुडघा लावून. मले समजलं.

राखी : काय समजलं?

गोकुळ : तिले सू लागली. पण ती बाईले सांगेच ना. नुसती फळ्याकडं पाहे. मी तिच्याकडं पाह्यलं. मंग बाईकडं पाह्यलं. बाई लिहून राह्यल्या होत्या.

राखी : मंग?

गोकुळ : मंग मी उभा राह्यलो.

राखी : तू?

गोकुळ : अन् म्हटलं, बाई, हिले सू लागली!

राखी : मोठ्यानं म्हटलं?

गोकुळ : मोठ्यानंच निघालं. सगळे हासले. बाई म्हणे, शाबास, जाय, तिले रस्ता दाखव. मलेबी लागली होती. मीबी जाऊन आलो.

राखी : माय व माय...

गोकुळ : तू काऊन रडून राह्यली?

राखी : कुठी रडून राह्यली? हासून राह्यली मी.

गोकुळ : डोळ्यातून पाणी येऊन राह्यलं.

राखी : येऊ दे. गाडी थांबली पाह्य कोपऱ्यावर. जाय, छकुलीले घेऊन ये... आली, आली माही पोरगी! कशी होती शाळा? पंखे होते का? किती पोरी होत्या? काय व? बोलत काऊन नाही? कोणी मारलं का? हा डबा तं भरलेलाच हाय! छकुली, माह्याकडं पाह्य. सांग मले, काय झालं?

गोकुळ : आई, इचारू नको तिले.

राखी : काऊन?

गोकुळ : तिच्या तोंडातून निघून नाही राह्यलं. थांब थोडी.

राखी : बरं. थांबतो.

छकुली : गोकुळ.

गोकुळ : हाव.

छकुली : तिथं मले बोलता येत नाही.

गोकुळ : हाव.

छकुली : मॅडम काही म्हणे तं सगळे उठे. मंग मीबी उठत होती. सगळे बसले की बसत होती. अन्नपूर्णा, अन्नपूर्णा म्हणे, तं मी पाहत राह्यली की कोण हाय ती, हात काऊन नाही वर करत. मंग मॅडम माह्याजवळच आल्या. सगळे माह्याकडं पाहे.

राखी : मंग?

छकुली : सपनात कसं होते, ओरडाव वाटते अन् आवाजच नाही निघत. तसं झालं. मी नाही जात उद्या. मी गोकुळच्या शाळेत जातो.

राखी : ये, अशी मांडीवर ये. काढ तो टाय. बाबाले येऊ दे, मी बोलतो त्यायच्याशी. नाही जमलं तं नाही जमलं. माही हुशार पोरगी तिथं मुकी होऊन बसाची असन, तं काय कराची हाय ती शाळा? दोघं संगच जाजा इकडं.

गोकुळ : नको.

राखी : काय नको रे?

गोकुळ : उद्या जाऊ दे तिले.

छकुली : तुले मी नको का तिथं?

गोकुळ : पाहिजे. पण तू चूप बसली म्हणून काऊन येऊन राह्यली? चूप बसलं तं काही होत नाही. मी किती बसलो.

छकुली : चूप बसून काय करू मी?

गोकुळ : आयकजो. आधी पंखा आयकू येते. मंग भाईर कोणी झाडून राह्यलं असन तं ते. मंग बाजूचं पोरगं नाक ओढते ते. अन् मंग मॅडम जे जे पुन्हा पुन्हा म्हणते, ते ओळखू येते. उठताना काय म्हणे त्या?

छकुली : स्टँड अप.

गोकुळ : पाह्य.

छकुली : एवढंच आलं मले.

गोकुळ : एका दिवसात आलं.

छकुली : अन् मंग बोलणं कधी निघते?

गोकुळ : ते नाही सांगता येत. एखाद्या दिवशी आपण दुसरंच काही पाहत असतो, अन् निघून जाते. सगळे हासते. पण काही होत नाही.

छकुली : तुहं निघालं आज?

गोकुळ : हाव.

छकुली : बाईपुढं? काय म्हटलं?

गोकुळ : सू लागली म्हटलं.

छकुली : खरंच? सगळ्यायच्या समोर? आई, हा सगळ्यायच्या समोर...

राखी : हासली बाप्पा एकदाची!

छकुली : गोकुळ, उद्या अन्नपूर्णा म्हटलं की हात वर करू का?

गोकुळ : करजो. अन् नाही झाला तं परवा करजो.

राखी : चाला, हात धुवा. डबा उघडा, त्यातलंच खा दोघं. फाटक वाजलं, बाबा आले जणू. छकुली, जाय व, सांग त्यायले शाळेचं. दिवसभर वाट पाह्यली असन त्यायनं.

छकुली : गोकुळले सांगू दे. मी बसतो त्याच्या बाजूले.