एक ते एकतीस मे

(एक कचेरी, जूनचा मध्य. सोनिया इथं टँकरचे अहवाल करते. समोरच्या खुर्चीत गावाकडून आलेली तिची आत्या, हरणाबाई.)

हरणाबाई : मग ह्यात खोटं कुणी लिवलं, त्येवढं सांग.

सोनिया : कुणीच नाही, आत्या. ड्रायव्हरनं खरंच लिहिलं. टँकर एक मेला आला, नंतर एकतीसला आला.

हरणाबाई : दोनदा.

सोनिया : दोनदाच. पण साहेब म्हणाले, तारखांचे कॉलम लय झालेत, अहवाल एका पानात बसव. मग मी फॉर्म्युला लिहिला. पहिली तारीख, मधे ‘ते’, मग शेवटची तारीख. ‘पाणीपुरवठा : १ मे ते ३१ मे.’

हरणाबाई : म्हंजी आमी म्हैनाभर पाणी प्यालो.

सोनिया : कागदावर.

हरणाबाई : तरीच प्वाट गच्च हुतं.

सोनिया : पहिल्यांदा दोन तारखा जोडल्या तेव्हा कॉम्प्युटरवर त्यांच्या जागी पाच-पाच आकडी नंबर यायला लागले. दोन दिवस डोकं फोडलं, तवा कुठं तारखा दिसल्या.

हरणाबाई : यंतर बिचारं नगं म्हणत हुतं. तूच ऐकलं न्हाईस.

सोनिया : साहेबांनी सगळ्यांसमोर शाबासकी दिली. अहवाल वर गेला. वरून उत्तर आलं, या गावाला महिनाभर पाणी पोचलंय, जूनचा टँकर बंद करा.

हरणाबाई : आन् मी तहानल्याल्या मेंढ्या घिऊन रस्त्याकडं डोळं लावून. म्हटलं, भाची कचेरीत हाय, टँकर जातुय कुठं!

सोनिया : मला फोन तरी करायचा.

हरणाबाई : केल्ता की. तू म्हणालीस, आत्या, आमच्याकडं तुमचं गाव पूर्ण दाखवतंय.

सोनिया : म्हणाले होते मी.

हरणाबाई : सांगलीला जाऊन शिकल्याली पोर. म्हटलं, तिला दिसतंय तर आसंल.

सोनिया : आज बदललं मी. आता प्रत्येक खेपेची तारीख वेगळी दिसते. सही झाली, उद्या टँकर येतोय. आत्या, पाण्यापायी विकलेल्या मेंढ्या कुणाला दिल्यात? बावीसच्या बावीस माघारी आणू. मी येते संगं.

हरणाबाई : गेल्या बाजारी दिल्या. घेणारा खाटीक हुता, बाई.

सोनिया : आत्या...

हरणाबाई : रडू नगंस, साहेब बघत्याल. म्या आणल्याला त्यो डबा उघड आधी. सकाळधरनं उपाशी हाईस.