इलेक्ट्रॉनची चुंबळ

हसू नका, त्या दिवशी माझी अब्रूच पणाला लागली होती. इलेक्ट्रॉन हा ठिपका नसून विजेचं फिरतं कडं आहे, हे माझं वेड तुम्हाला माहीतच आहे. ते ऐकायला पुण्याचे एक प्राध्यापक कोपरगावला घरी आले, आणि दाखवायला केलेलं कापडी कडं टेबलावरून गायब! सगळं घर पालथं घातलं. त्यात सरांनी पहिलाच प्रश्न टाकला, "असं कडं स्थिर राहील कशावरून?"

मी पुन्हा टेबलाखाली वाकून पाहिलं. तेवढ्यात आई डोक्यावर भरलेला हंडा घेऊन आत आली. हंड्याखाली चुंबळ म्हणून माझा इलेक्ट्रॉन!

"आई, अगं ते कडं..."

"तुझंच हाय. तीन खेपा झाल्या, जागचं हाललं न्हाई."