डागवाला व्हॉल्व्ह

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या मागच्या बाकावर योगायोगाने भेटलेल्या नणंद-भावजय बसल्या होत्या.

"वहिनी, दादाची ती घरी बनवलेली, विजेच्या ठिणग्या पाडायची टेस्ला कॉइल शेवटी भंगारात गेली का?"

"भंगारात कशाला? काल वीतभर ठिणग्या उडाल्या हवेत."

"पण त्याचे तर जुन्या रेडिओतले ते काचेचे तिन्ही व्हॉल्व्ह उडाले होते ना?"

"उडणारच. रेडिओ दुरुस्तीवाल्याकडे जाऊन निवडायचे कसले, तर डोक्यावर दुधासारखा पांढरा ठिपका असलेले. ते कोरे वाटायचे त्यांना. काळपट, आरशासारखा डाग दिसला की म्हणायचे, हा जळका आहे, ठेव परत."

"मग?"

"चौथ्या वेळी मी सोबत गेले आणि नेमका डागवालाच उचलला. घरी येऊन कुरकुरतच बसवला त्यांनी, आणि तोच चालला."

"पण तुला कसं कळलं?"

"अगं, बावीस वर्षं कारखान्यात टीव्हीच्या पिक्चर ट्यूब तपासल्यात मी. तो डाग चकचकीत असला म्हणजे आत हवा नाही. पांढरा पडला की समजायचं, काचेत हवा शिरली, ट्यूब गेली."

"आणि दादाने तुला कधी विचारलंच नाही?"

"काल विचारलं ना. कॉइलसमोर हातात ट्यूबलाईट धरून उभे होते. वायर नाही, काही नाही, आणि ती लख्ख पेटलेली. म्हणाले, पुढचा व्हॉल्व्ह तूच निवड."

"बरं झालं बाई. मग आज इथे कशाला? डोळे दुखतायत का तुझे?"

"माझ्या डोळ्यांना काय झालंय? त्यांना घेऊन आलेय."